अंगठ्याची परवानगी

४ तारीख, मंगळवार

अहो, विसरला असालच, म्हणून पहिल्यापासून सांगते. मी तुमची बायको. घरात दिसत नाही याचं कारण रुसवा नाही, इस्पितळ आहे. पडदे धुवायला काढायचे म्हणून मी स्टुलावर चढले होते आणि ते स्टूल तुम्ही धरलं होतं. मग धरलंय हेच विसरलात आणि पेपर आला का ते बघायला दारात गेलात. खाली येताना माझी हनुवटी खिडकीच्या कट्ट्यावर थांबली आणि बाकीची मी पुढे गेले. मानेला लागलं. एवढंच झालं. हे वाचून आठवलं तरी उद्या सकाळी पुन्हा कोरे व्हाल. तुमचं बरं आहे.

मला अक्षर येत नाही, तेव्हा लिहिते आहे ती शेजारच्या खाटेवरची बाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. जिन्यावरून पडल्या. त्यांचे पाय गेलेत, हात शाबूत आहेत. माझे पाय परत यायला लागलेत, धरून धरून चार पावलं टाकते, पण हात नुसते लोंबतात, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. दोघींना मध्ये शिवून टाकलं तर एक धडधाकट म्हातारी निघेल. फक्त जीभ कोणाची ठेवायची यावर भांडण होईल.

(जीभ माझी ठेवावी. — लिहिणारी)

हे असं. मी सांगते त्यात स्वतःचंही घुसडतात. वर प्रत्येक वाक्याला टिंबं आणि शेपट्या लावतात, त्याला वेळ जातो. मी म्हटलं, बाई, माझा नवरा शेपट्या वाचत नाही. तर म्हणाल्या, त्यांना स्वल्पविराम म्हणतात, मी लावणार.

मानेतून एक दोर खाली जातो म्हणे, सगळ्या अंगाला हुकूम पोचवणारा. माझा तुटला नाही, मधोमध चेचला गेलाय. म्हणून पाय वाचले आणि हात रुसले. ते परत येतात की नाही हे उद्या फोटो काढून सांगणार आहेत. त्या फोटोवर आपलं पुढचं सगळं आहे, ते नीट ऐका. तुम्ही माझ्याशिवाय कोणाला शर्टाची बटणं लावू देत नाही. परवा लेकाने तुमची दाढी करायला घेतली तर चोर आला म्हणून तुम्ही शेजाऱ्यांना हाका मारल्यात, त्याही अर्ध्या दाढीने. लेक माझ्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "आई, तुझे हात आले नाहीत तर बाबांना कोण सांभाळणार?" त्याने दोन जागा बघून ठेवल्यात. एक विसरणाऱ्यांचं घर, एक हलता न येणाऱ्यांचं. एक शहराच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. महिनाअखेरीला ठरवायचंय.

मी म्हटलं, दोघांना एकत्र ठेवणारं घर नाही का? तर म्हणाला, होतं की आई, आपलंच.


५ तारीख, बुधवार

फोटो झाला. त्याला एमआरआय म्हणतात. एका नळीत सरकवतात, पाव भट्टीत सरकवावा तसं. फोटोवाली डॉक्टर उंच आहे, केसात पेन्सिल खोचलेली असते आणि तीच पेन्सिल ती सगळीकडे शोधत असते. तुमची आठवण झाली. तिने बजावलं, "आजी, अजिबात हलायचं नाही."

मी हलले नाही. हात तसेही हलत नाहीत, पायांनाही दम दिला. पण आत ठकठक सुरू झाली, कोणी दार वाजवावं तशी. मी विचारलं, कोण आहे? उत्तर नाही. पुन्हा ठकठक. आलेल्याला तिष्ठत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून मग मीच बोलायला घेतलं. तुमचं सांगितलं, स्टुलाचं सांगितलं, एक पडदा निघाला आणि एक तसाच लोंबतोय ते सांगितलं, तुम्ही मोजे फ्रिजमध्ये ठेवता ते सांगितलं. मध्ये दोनदा भोंग्यातून कोणीतरी काहीतरी म्हणालं, पण मी बोलत असले की मला ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बाहेर आले तेव्हा फोटोवाली कपाळ चोळत होती. बाहेर रांग मोठी होती. म्हणाली, "असू दे, आहे त्यावर मोजते."

बाईंचाही फोटो आजच झाला. त्या मूर्तीसारख्या पडून राहिल्या. इतका स्पष्ट फोटो क्वचित येतो, असं फोटोवाली स्वतः म्हणाली. शिस्त ती शिस्त. मी तोंडभरून कौतुक केलं, तर बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या त्या जेवायलाही उठल्या नाहीत. काही माणसांना कौतुक पचत नाही.

(पुढचं सांगा. — लिहिणारी)


८ तारीख, शनिवार

भविष्य आलं. पंचांग नाही, पोपट नाही, सगळं मापून.

फोटोत माझा दोर दिसतो आणि मधे एक पांढरा डाग. डागाच्या बाजूने थोडा चांगला दोर उरलेला असला तर त्याला ते पूल म्हणतात. पूल असला की हुकूम पलीकडे जातात. आधीच्या कितीतरी लोकांचे पूल मोजून त्यांचं पुढे काय काय परत आलं ते लिहून ठेवलंय. आता नव्या माणसाचा पूल मोजला की संगणक सांगतो, याचं काय येणार. माझा पूल दिसलाच नाही. पाय: अपेक्षित. हात: अपेक्षित नाहीत. अंगठा वेगळा लिहिलाय, तोही अपेक्षित नाही.

मला त्या अंगठ्याचं वाईट वाटलं. माझी सगळी विद्या त्यात होती. आयुष्यभर जिथे तिथे तोच उठवला.

इथली पद्धत अशी की भविष्य आलं की खाटेला पाटी लागते. पाटीवर खडूने काढलेली चित्रं असतात, त्यामुळे मला वाचता येते. या इमारतीत मला वाचता येणारी तेवढी एकच गोष्ट. बूट काढलेला असेल तर चालवायला नेतात. चमचा काढलेला असेल तर ताटात चमचा येतो. फुली असेल तर येत नाही. स्वयंपाकघर पाटीच बघतं, माणूस बघत नाही. माझ्या पाटीवर बूट आहे आणि चमच्यावर फुली. म्हणून मला आजपासून भरवणारी मावशी. ती घास देते आणि लगेच हनुवटी पुसते, काही सांडलेलं नसलं तरी. तिच्या हाताची ती लय आहे, मध्ये थांबवता येत नाही.

बाईंच्या पाटीवर चमचा आहे आणि बुटावर फुली. मी विचारलं, तुम्हाला बूट का नको?

म्हणाल्या, "मला चपला आवडतात."


९ तारीख, रविवार

लेक आला. पाटीकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं. केळी आणली होती, सोलून भरवत बसला. मी एक खाल्लं, बाकीची त्यानेच संपवली. लहानपणी परीक्षेच्या आधी असाच खायचा.

तो सांगत होता, तुम्ही हल्ली दिवसभर ते स्टूल दोन्ही हातांनी धरून बसता. वर कोणी नसतं. सूनबाईने उचलायला घेतलं तर सोडत नाही. जेवायलाही एकच हात मोकळा करता. मी इतकी हसले की मानेचा पट्टा सैल झाला आणि नर्सने येऊन रागावून घट्ट केला. अहो, आता धरून काय उपयोग? मी उतरले की केव्हाच.

(यात हसण्यासारखं काय आहे, ते मला कळलं नाही. — लिहिणारी)


१३ तारीख, गुरुवार

अंगठा हलला!

असं झालं. मावशीने सूप कढत भरवलं. जीभ भाजली. तिला झापावं म्हणून मी तोंड उघडलं आणि भांडताना पूर्वी मी अंगठा नाचवायची ना, तसा उजवा अंगठा वर आला. स्वतःहून आला नाही, मी आणला. दोघींनी बघितलं. मावशीने हनुवटी पुसली. बाई ओरडल्या, "पुन्हा करा!" मी पुन्हा केलं. बाईंनी वर्गात वाजवतात तशी एकच टाळी वाजवली.

व्यायाम करवून घेणाऱ्या पोराला बोलावलं. पोर कसला, त्याला दोन मुलं आहेत, पण चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. त्याने अंगठा बघितला. मग पाटी बघितली. मग पुन्हा अंगठा.

"आजी, हा अपेक्षित नाही."

"मग काय करू? परत आत घालू?"

"तसं नाही हो. नुसता झटका असेल. कधीकधी आपोआप उडतात."

"मी म्हणेन तेव्हा उडतो. दोनदा उडाला. हा काय आपोआप?"

"आजी, मी चुकीचं म्हणत नाही. पण मला पाटीवर आहे त्याचाच व्यायाम देता येतो. अंगठ्याचा दिला तर लिहू कुठे?"

"बुटाखाली लिही."

बिचाऱ्याने खरंच जागा आहे का ते वाकून बघितलं. मग म्हणाला, अनपेक्षित हालचालींसाठी एक समिती आहे. तिने हालचाल मान्य केली की पाटी बदलते. तोपर्यंत, आजी, जमलं तर फार हलवू नका. घोटाळा होतो.

अहो, अख्ख्या जन्मात मला बोलू नकोस म्हणून सगळ्यांनी सांगितलं. अंगठा हलवू नकोस म्हणून पहिल्यांदाच.


१४ तारीख, शुक्रवार

समिती आली. तिघे जण, तिघांच्या हातात चहा. खाटेभोवती उभे राहिले आणि अंगठ्याकडे बघायला लागले. पाहुण्यांपुढे गाणं म्हण म्हटलं की आपला नातू खांबासारखा उभा राहतो, तसा तो अंगठा पडून राहिला. मी त्याला चुचकारलं, दम दिला, शिव्या घातल्या. (त्या लिहिलेल्या नाहीत. — लिहिणारी) मावशीला म्हटलं, कढत सूप आण. तर समितीतले टकले म्हणाले, सूप हे तपासणीत बसत नाही.

चहा संपला. त्यांनी लिहून घेतलं. बाईंनी मान लांब करून वाचलं, म्हणून कळलं: "अंगठा उपस्थित होता. हलला नाही."

ते दारापर्यंत गेले आणि हा हलला. मी ओरडले, "अहो, हलला, हलला!" शेवटचा माणूस दारातून वळला. त्याने बघितलं, मी त्याचे डोळे बघितले, त्याने नक्की बघितलं.

म्हणाला, "सभा संपली, आजी."


१७ तारीख, सोमवार

आज फोटोवाली एकटीच आली. चहा नाही, कागद नाही. पेन्सिल केसात. खाटेवर बसली, अंगठ्याखाली आपलं बोट ठेवलं आणि म्हणाली, "ढकला." मी ढकललं. ती म्हणाली, "आणखी." मी आणखी ढकललं. तिने बोट काढलं नाही.

मग विचारलं, "आजी, फोटोच्या वेळी तुम्ही बोलत होतात का?"

"मी? ओठसुद्धा उघडला नाही."

(पाहा: ५ तारीख. — लिहिणारी)

घरभेदी बाई. फोटोवाली म्हणाली, जबडा हलला की मान हलते आणि मान हलली की फोटो पुसट येतो. डाग जाड दिसतो, पूल दिसत नाही. "चूक माझी आहे. मी तो फोटो मोजायलाच नको होता. परत काढायला हवा होता. रांग होती म्हणून रेटून नेलं."

म्हणजे बघा, मी तुमच्याबद्दल बोलत होते आणि तेवढ्यात माझा पूल वाहून गेला.

मी म्हटलं, मग काढ परत. ती म्हणाली, काढते, पण वीस मिनिटं गप्प राहावं लागेल. यावर बाई हसल्या. पहिल्यांदाच हसताना बघितल्या. हसताना त्यांना खोकला येतो.

सराव केला. बाईंनी घड्याळ धरलं. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने विचारलं, झाली का वीस मिनिटं? बाई म्हणाल्या, अजून सुरूच केलं नव्हतं.

झोपेचं औषध द्यावं का, असं निघालं, पण माझ्या वयाला आणि मानेला ते नको म्हणाले. नळीत कानाला लावायला देतात, त्यात गाणी लावू म्हणाले. गाण्याबरोबर मी गाणार. शेवटी बाईंना सुचलं. म्हणाल्या, "हिच्या नवऱ्याला बोलायला लावा. सून म्हणते तो हल्ली बोलतच नाही. त्याचा आवाज ऐकायला मिळाला तर ही मध्ये बोलणार नाही."

मी म्हटलं, त्यांना काय बोलायचं तेच आठवणार नाही.

"मग हे वाचू देत," बाई म्हणाल्या. म्हणजे हेच, जे मी सांगतेय ते.

तर अहो, लेक उद्या हे सगळं घेऊन येईल आणि आवाज भरून घ्यायला तुमच्यापुढे फोन धरेल. पहिल्यापासून मोठ्याने वाचा. अडखळलात तरी चालेल. चष्मा फ्रिजमध्ये बघा.


२१ तारीख, शुक्रवार

आज लवकर सांगून टाकते, नाहीतर सांगणार नाही.

नळीत गेले. कानात आधी तुमचा खोकला आला. मग लेकाचा आवाज, "बाबा, इथून." मग तुम्ही. पेपर वाचता तसा आवाज काढलात, बातमी असल्यासारखा. "अहो, विसरला असालच, म्हणून पहिल्यापासून सांगते." माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. गिळलं. गिळायचंही नव्हतं, पण ते एकच.

ठकठक सुरू झाली. तुम्ही वाचत वाचत स्टुलापर्यंत आलात. "मग धरलंय हेच विसरलात" इथपर्यंत वाचलंत आणि थांबलात. मला वाटलं ओळ चुकली. नुसती ठकठक. लेक म्हणाला, "बाबा, पुढे वाचा."

तुम्ही म्हणालात, "विसरलो नाही."

तो बातमीचा आवाज नव्हता.

"मी हात काढला. पेपर बघायला गेलो. सगळे म्हणतात, याला काही आठवत नाही. दुसरं नाही आठवत. हे आठवतं. सकाळी उठलो की पहिलं तेच. ती कुठे गेलीय ते विसरतो, मग स्टूल दिसतं. म्हणून धरून बसतो. ती परत चढली तर."

मग तुम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलात. "अहो, विसरला असालच." पुन्हा तिथेच थांबलात. पुन्हा तेच सांगितलंत, पहिल्यांदाच सांगताय असं. तीनदा.

मी हलले नाही. मी बोलले नाही. डोळ्यांतून पाणी आलेलं चालतं का, ते विचारायचं राहिलं होतं. पुसायला हात नव्हते. ते कानात गेलं.

बाहेर आले तर फोटोवाली म्हणाली, "आजी, फोटो एकदम स्पष्ट. बाईंच्या तोडीचा."

(आज शेपट्या मागाहून लावल्या. तिने एका दमात सांगितलं. — लिहिणारी)


२४ तारीख, सोमवार

पूल आहे.

बारीक आहे, शिवणीच्या दोऱ्याएवढा, पण या काठापासून त्या काठापर्यंत आहे. फोटोवालीने पडद्यावर पेन्सिल ठेवून दाखवला. मला काळ्यावर करडं एवढंच दिसलं, तरी मी हो म्हटलं. ती शहाणी आहे, जास्त बोलली नाही. "हात येतील असं वचन देत नाही, आजी. पकड येण्याची शक्यता चांगली आहे, असं आकडे म्हणतात. बटण लावता येईल का, ते मात्र फोटोत दिसत नाही."

मी म्हटलं, ते मी बघते.

लेकाला तिने हेच सांगितलं. त्याने दोन्ही घरांना तूर्त नको म्हणून कळवलं. तूर्त, हे त्याने दोनदा म्हटलं. तरी जाताना केळी माझ्यासाठी ठेवून गेला, एकही न खाता.

पाटी मात्र बदलली नाही. ती समितीच बदलणार आणि समिती आता पुढच्या महिन्यात बसणार. दुपारी पुन्हा बिनचमच्याचं ताट आलं. ते बघून बाईंनी आपली चाकांची खुर्ची माझ्या पायथ्याशी आणली, रुमाल ओला केला आणि चमच्यावरची फुली पुसून टाकली. मुख्याध्यापिका असून! रात्री ताटात चमचा आला. मला तो अजून धरता येत नाही. अंगठ्याखाली येतो आणि घसरतो. मावशीने चमचा उचलून दिला आणि हनुवटी पुसली.

उपकार फेडावे म्हणून मी उठले, धरत धरत बाईंच्या पाटीपाशी गेले आणि त्यांच्या बुटावरची फुली कोपराने पुसायला लागले. त्या म्हणाल्या, "राहू द्या."

"का राहू द्या? परत फोटो काढायला सांगा. माझा नाही का बदलला?"

"माझा स्पष्ट आला होता," बाई म्हणाल्या.

मी काहीच बोलले नाही. या महिन्यात दुसऱ्यांदा गप्प बसले, हे लिहून ठेवा म्हटलं. त्यांनी लिहिलं. मग बराच वेळ आम्ही खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघत बसलो. मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि त्या फुली मारलेल्या बुटाशेजारी एक चप्पल काढली. चांगली जमली होती, पट्ट्यासकट. उद्या व्यायामवाला ती बघून काय करतो, ते आम्हा दोघींना बघायचंय.

आता तुमचं. रविवारी लेकाबरोबर या. शर्टाची बटणं उघडी ठेवून या, आत बनियन घाला. वरचं एक बटण मी लावून बघणार आहे. संध्याकाळ झाली तरी हलायचं नाही. स्टूल आणलंत तरी चालेल. मी त्यावर बसेन, तुम्ही धरा, पेपर नंतर. आणि अहो, इतकं सगळं विसरता, तेवढं एकच कसं ध्यानात ठेवलंत? तेही विसरून टाका. मी तर विसरलेच. पडदा निघाला होता, एवढंच आठवतं.

त्याआधी लेकाच्या हाती भुईमुगाच्या शेंगा पाठवा, भाजलेल्या, टरफलांसकट. माझ्या अंगठ्याला काम हवंय. सूनबाई माया करून सोलायला बसली तर तिला थांबवा. बाईंसाठी वेगळी पुडी करा, त्यांना सोललेल्या चालतील.

(चालणार नाहीत. टरफलांसकट. — लिहिणारी)

दोन्ही पुड्या टरफलांसकट. मीठ विसरलात तरी चालेल.